नऊपैकी सात जेवणं

रिसॉर्टच्या काउंटरवरच्या मुलीने आईच्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या, तिच्या उजव्या मनगटावर नारिंगी प्लॅस्टिकची पट्टी आवळली आणि बटण दाबलं. कट् असा आवाज झाला.

"शुक्रवारी सकाळपर्यंत काढायची नाही हं, मावशी. आंघोळ केली तरी चालेल. पण तुटली किंवा कापली की जेवणाचा प्लॅन रद्द."

आईने हात उलटसुलट करून पाहिला. "आमच्याकडे म्हशींच्या कानात मारतात बिल्ला," ती म्हणाली. "तुम्ही निदान मनगटावर तरी बांधता."

मुलगी हसली. मी हसले नाही. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि समोर डायनिंग हॉलच्या काचेच्या दाराला आतून कडी होती.

"लंच तीनपर्यंत असतं, मॅडम," मॅनेजर म्हणाला. त्याच्या खिशावर देवळेकर नावाची पट्टी होती.

"आमची गाडी घाटात अडकली होती. या लंचचे पैसे आम्ही भरलेत."

"भरलेत ना. पण तीनपर्यंतच्या लंचचे भरलेत."

"मग त्याऐवजी उद्या संध्याकाळी काही जास्तीचं द्या."

"जेवण असं फिरवता येत नाही, मॅडम. बाहेर नेता येत नाही, बाहेरचं आत आणता येत नाही. नियम आहे."

"कोणी केला?"

"ऋजू, चल," आई म्हणाली. "माझ्या पिशवीत दशम्या आहेत."

"बाहेरचं आत आणता येत नाही," मी म्हणाले. देवळेकरांना टोमणा म्हणून म्हणाले, पण त्यांनी खरंच आईच्या पिशवीकडे पाहिलं. आईने पिशवी पदराखाली घेतली. मग बावन्न वर्षांची माझी आई खोलीत पलंगाच्या कडेवर बसून, दाराला कडी लावून, दशमी खाऊ लागली. चोरून खाणाऱ्या माणसासारखी. तेव्हा मला जो राग आला, तो तीन दिवस माझ्या अंगातून गेला नाही. तो चुकीच्या जागी खर्च होत होता, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

ही नऊ वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते. संख्याशास्त्रात एमएस्सी करून नुकतीच नोकरीला लागले होते आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नाचा तक्ता करता येतो असं मला वाटत होतं. रिसॉर्टचा तक्ता मी आठवडाभर खपून केला होता. नुसती खोली घ्यावी आणि बाहेर जेवावं, की तीन दिवसांची सगळी जेवणं आधीच भरून टाकावीत? आसपासच्या खानावळींचे दर फोन करून विचारले, रिक्षाचं जाणंयेणं धरलं. उत्तर आलं: प्लॅनमध्ये नऊ जेवणं. त्यातली सात जेवलो तर बरोबरी. आठवं आणि नववं निव्वळ आपलं.

पहिलं तर गेलंच होतं. आठ उरली.

हा सगळा खटाटोप आईसाठी होता. तीस वर्षं ती दोन वेळा ओट्यापाशी उभी होती. तीन दिवस तिने कशालाही हात लावायचा नाही, समोर आयतं ताट यावं, एवढंच मला हवं होतं. बाबांना रजा नव्हती, म्हणून आम्ही दोघीच आलो होतो.

पण आईसाठी ही सहल वेगळीच होती. रिसॉर्टपासून आठ किलोमीटरवर, खाडीच्या पलीकडच्या अंगाला तिचं माहेर होतं, आणि त्या घरात ती बारा वर्षं गेली नव्हती. बारा वर्षांपूर्वी आजी आजारी पडली, तेव्हा आईने जयराममामांचं न ऐकता तिला ॲम्ब्युलन्समध्ये घालून पुण्याला आणायला काढलं. आजी पुण्याला पोचलीच नाही. कुंभार्ली घाटात गेली. "आईला तू घरात मरू दिलं नाहीस," असं मामा सगळ्यांसमोर म्हणाले आणि तिथून भावा-बहिणीचं बोलणं तुटलं. बारा भाऊबिजा गेल्या. तेराव्या भाऊबिजेला, या सहलीच्या आधीच्या दिवाळीत, आईने आपण होऊन फोन लावला. मामा फार बोलले नाहीत. एकच वाक्य बोलले.

"येशील तेव्हा जेवायलाच ये."

आईने ते वाक्य महिनाभर सगळ्यांना ऐकवलं होतं. शेजारच्या कुलकर्णीकाकूंना, भाजीवाल्याला, डॉक्टरांच्या कंपाउंडरला. "दादाने जेवायला बोलावलंय," असं ती सांगायची. तिच्या बॅगेत वहिनीसाठी साडी होती आणि दादासाठी मफलर. बुधवारी दुपारी जायचं, असं तिने मामींना परस्पर कळवलंही होतं.

बुधवारी दुपारी. म्हणजे आणखी एक लंच बुडणार. उरली सात.

आता हिशेब मांडून सांगते, तर माझी मलाच चीड येते. सात म्हणजे बरोबरी होती! माझ्याच तक्त्याप्रमाणे त्या एका जेवणाने आमचा एका पैशाचाही तोटा होत नव्हता. पण बंद काचेच्या दारापुढे उभं राहून आल्यावर मला बरोबरी नको होती. मला देवळेकरांकडून एकेक जेवण वसूल करायचं होतं.

त्याच दिवशी, मंगळवारी, संध्याकाळी पाचच्या सुमारास आई झोपली होती. मी तिच्या छोट्या वहीतून नंबर काढला आणि बाल्कनीत जाऊन मामांना फोन केला.

"मामा, मी ऋजुता. सुलभाची मुलगी."

पलीकडे सुपारी कातरायचा आवाज थांबला. मग, "केवढी झालीस?"

"तेवीस."

"हं. उद्या किती जण येताय?"

"दोघीच. पण मामा, जेवणाचं काही करू नका हं. मामींना उगाच त्रास. इथे आमची जेवणं पॅकेजमध्येच आहेत, सगळे पैसे आधीच भरलेत. आम्ही चारला येतो, चहाला."

फोनमधून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"हे सुलीने सांगायला सांगितलं?"

मला एक सेकंद होता. तेवढ्यात मी विचार केला, की नाही म्हटलं तर लांबण लागेल.

"हो," मी म्हणाले.

"बरं," मामा म्हणाले आणि फोन ठेवला.

आई उठली तेव्हा मी तिला सांगितलं, "मामांचा फोन आला होता. उद्या चारला या म्हणालेत. चहाला."

ती केस विंचरत होती. फणी तशीच डोक्यात राहिली. "जेवायला नाही?"

"नाही वाटतं. मामींना जमत नसेल."

"वहिनीला?" आई म्हणाली. "पन्नास माणसांचा रांधा एकटीने काढणारी बाई ती." मग आरशाकडे पाठ करून म्हणाली, "चहाला! मतं मागायला येणाऱ्यांना देतात तसा चहा."

बुधवारी दुपारी एक वाजता डायनिंग हॉल उघडला तेव्हा आम्ही दारात पहिल्या होतो. पनीर होतं, मंचुरियन होतं, पांढरा पास्ता होता. एका कोपऱ्यात झावळ्या लावून 'कोकणची चव' अशी पाटी टांगली होती आणि तिच्याखाली मातीच्या मडक्यात सोलकढी. आईने पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला.

"यात नारळ आला नाही. नुसता रंग आलाय."

"मग दुसरं घे काहीतरी. भरलेत ना पैसे."

"भरलेत, भरलेत!" आई एवढ्या मोठ्याने म्हणाली की शेजारच्या टेबलावरचं जोडपं वळून पाहू लागलं. "कालपासून तेच ऐकतेय. दे इकडे ताट."

आणि ती जेवायला बसली. रागाने जेवली. भात, पनीर, पास्ता, दोन गुलाबजाम. कोणाला तरी दाखवून द्यायचं असल्यासारखी. "चहाला बोलावलंय ना दादाने? मग भरल्या पोटीच जाऊ. त्याच्या घरचं काही लागत नाही मला." मी तिच्यासमोर बसून मनात मोजत होते: तीन झाली, पाच उरली.

चार वाजता रिक्षाने आम्हाला मामांच्या बेड्याशी, अंगणाच्या फाटकाशी, सोडलं. अंगण ताजं सारवलेलं होतं. विहिरीजवळ वाशावर एक अर्धी विजार वाळत होती, गुडघ्याच्या खाली चिखलाने राखाडी झालेली. धुण्याच्या दगडापाशी शिंपल्यांचा ढीग पडला होता, अजून ओला, त्यावर माशा होत्या. मला निरीक्षण करायची सवय आहे. हे सगळं मी पाहिलं, आणि त्यातून काहीही निष्कर्ष काढला नाही.

मामा ओटीवरच्या बाकावर सुपारी कातरत बसले होते. वाळलेले, उंच, आईसारखंच नाक. उजव्या टाचेला हळद लावून चिंधी बांधलेली. त्यांनी मान वर केली नाही. इंदूमामी तेवढ्यात आतून पाण्याचा तांब्या आणि गुळाची वाटी घेऊन आल्या.

"या वन्सं, या गो बाय—"

"पाणी नको देऊ त्यांना," मामा म्हणाले.

मामी थांबल्या.

"त्यांनी पैसे भरलेत तिकडे. इथलं पाणी प्यायलं तर तिकडचं फुकट जाईल."

"काय बोलतोयस, दादा?" आई पायरीवरच उभी राहिली.

"मी नाही, तू बोललीस. जेवायला बोलावलं, तर पोरीकडून निरोप धाडलास. काही करू नका, आमचं पॅकेज आहे. बारा वर्षांनी येणार आणि वर माझ्या घरचं अन्न नको! मग आलीस कशाला? घर उभं आहे का पडलं ते बघायला?"

"मी निरोप धाडला?" आईचा आवाज चिरकला. "तू चहाला बोलावलंस मला! रात्रभर जीव जळत होता माझा. तेव्हा म्हटलं, याचा राग काही जायचा नाही मरेपर्यंत—"

"मी चहाला बोलावलं? मी?"

दोघं एकदमच माझ्याकडे वळली. एकाच नाकाची, एकाच भुवयांची दोन तोंडं.

"मला वाटलं," मी म्हणाले, "मामींना त्रास नको... आणि आपलं तिकडचं वाया—"

"माझं नाव घेऊन सांगितलंस?" आईने विचारलं.

मी मनगटावरची पट्टी फिरवू लागले.

"सुलीने सांगितलं का म्हणून मी विचारलं होतं हिला," मामा म्हणाले. "हो म्हणाली. एका शब्दात."

आईने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे पाहायचीच थांबली. ओटी ओलांडून सरळ माजघरात गेली आणि तिचा आवाज आला, "वहिनी, पाट घाल."

"नको घालू!" मामा उठून दारात आले. "पोट भरून आलेल्या माणसाला मी दया म्हणून वाढणार नाही. जा. तुमच्या हॉटेलात जा."

"हे माझ्या बापाचं घर आहे. पाट घाल, वहिनी, नाहीतर मी जमिनीवर बसते."

मामींनी पाट घातला. मग झाकलेली भांडी एकेक करून उघडली. तांदळाच्या भाकऱ्या, तिसऱ्या म्हणतात त्या शिंपल्यांचं सुकं, सोलकढी, भात, खोबऱ्याच्या वड्या. सगळं गार झालं होतं. दोन ताटं आधीच मांडलेली होती, पालथी. मामींनी एक उलटं केलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मला नको, मामी," मी म्हणाले. "खरंच पोट भरलंय."

ते खरं होतं. त्या दोन दिवसांत मी बोललेलं तेवढंच खरं असेल.

आई जेवू लागली. तीन तासांपूर्वी तिने पनीर आणि पास्ता कोंबला होता, तिला एक घास जाणं शक्य नव्हतं, पण ती जेवत होती. शिंपल्यातला एकेक गर काढून, भाकरीच्या तुकड्यात धरून. नारिंगी पट्टीवर मसाल्याचे ओघळ आले होते.

"वर्षानुवर्षं मनात धरून बसलास," ती घास घेता घेता म्हणाली. "तिला श्वास घेता येत नव्हता, दादा. तू माळ घेऊन डोळे मिटून बसला होतास."

"ती म्हणाली होती, मला इथून हलवू नका!"

"ताप आलेलं माणूस काहीही म्हणतं!"

"तुळशीसमोर जायचं होतं तिला. तू तिला डांबरी रस्त्यावर मारलंस. वळणावर, ट्रकच्या मागे—"

"मी मारलं?" आईने ताटावर हात आपटला. सोलकढीची वाटी कलंडली. "तू होतास तिथे? मी विचारलं होतं, गाडीत बैस. नाही बसलास. रुसून मागच्या परड्यात गेलास. मी एकटी होते तिच्याजवळ. घाटात तिने काय विचारलं ते बारा वर्षांत तू मला एकदा तरी विचारलंस?"

मामा दाराची चौकट धरून उभे होते. "काय विचारलं?"

"दाद्या जेवला का, असं विचारलं. सकाळपासून घरात चूल पेटली नव्हती ना. तू उपाशी होतास, ते होतं तिच्या डोक्यात. तेवढंच बोलली."

माजघरात फक्त मामींच्या बांगड्यांचा आवाज होता. सांडलेली सोलकढी त्या फडक्याने टिपत होत्या. आईने भात ओढून घेतला आणि कालवला. मामा बाहेर गेले. ओटीवर बाक करकरला, पुन्हा करकरला. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात अडकित्ता होता.

ते आईसमोर उकिडवे बसले. टाच दुखत असावी, कारण बसताना त्यांनी दात आवळले.

"हे काय बांधलंय हातात?"

"दावं," आई म्हणाली.

"आण इकडे."

तिने उष्टा हात पुढे केला. मामांनी पट्टी अडकित्त्याच्या पात्यात धरली आणि सुपारी फोडावी तशी फोडली. ती ताटाशेजारी पडली.

"मामा, ती कापली की प्लॅन—" माझ्या तोंडून गेलं.

मामा तसेच बसून माझ्याकडे वळले. त्यांचा हात पुढे आला, पंजा उघडा.

"आण. तुझाही."

इथे मी थांबून सांगते, कारण मला या प्रसंगातलं फक्त एवढंच बदलता आलं तर हवं आहे. रागाने नव्हते बोलले ते. आवाज खाली आला होता. दुसरं ताट पालथं होतं, मामी हातात पळी घेऊन उभ्या होत्या. आणि माझ्या डोक्यात आकडा आला. पाच. पाच जेवणं उरली आहेत.

मी मनगट मागे घेतलं. छातीशी धरलं.

मामांनी हात परत नेला. "राहू दे," ते मामींना म्हणाले. "तिला परवडायचं नाही."

"मी इथेच राहते शुक्रवारपर्यंत," आई म्हणाली, ताटाकडे बघत. "तू जा, ऋजू. तुझी जेवायची वेळ चुकेल."

मी गेले. डायनिंग हॉल उघडायच्या आधी पोचले आणि आत जाऊन एकटी जेवले. मग देवळेकरांशी भांडले. आईची पट्टी कापली गेली हा अपघात आहे, पैसे भरलेले आहेत, म्हणून तिची उरलेली पाच जेवणं मला मिळाली पाहिजेत, असा माझा मुद्दा होता. मी तो तीन वेगवेगळ्या प्रकारे सिद्ध केला.

"मॅडम," देवळेकर शेवटी म्हणाले, "एक माणूस दोघांचं खाऊन काय करणार?"

"तो प्रश्न तुमचा नाही!" मी ओरडले. सगळा हॉल बघत होता. मला वाटत होतं, मी आईच्या बाजूने लढतेय.

आठच्या आठ जेवणं मी जेवले. शुक्रवारी सकाळी काउंटरवरच्या त्याच मुलीने कात्रीने माझी पट्टी कापली आणि खालच्या टोपलीत टाकली. टोपली नारिंगी पट्ट्यांनी भरलेली होती.

घरी आल्यावर आई माझ्याशी कामापुरतं बोलायची. पुढे बोलू लागली, पण तिने त्या दोन दिवसांत माहेरी काय केलं ते मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. नंतर आम्ही दर वर्षी मामांकडे जाऊ लागलो. मामी वाढतात, मी जेवते. मामा मात्र मी पायरीवर पाय ठेवताच अजून विचारतात, "काय गो, जेवून आलीस की काय?" आई हसत नाही.

दोन वर्षांपूर्वी मला ऑफिसच्या कामासाठी किनाऱ्याच्या भरती-ओहोटीची जुनी कोष्टकं लागली. फाइल उघडली, वर्षं खाली सरकवली, आणि सहज म्हणून त्या डिसेंबरातला तो बुधवार काढला. अमावास्येचा दुसरा दिवस. पहाटे पाच वाजून एक्केचाळीस मिनिटांनी ओहोटी.

खाडीच्या चिखलात तिसऱ्या मिळतात, पाणी पार उतरल्यावरच. गुडघाभर आत जावं लागतं. शिंपल्यांनी टाचा फाटतात. चंद्र नसलेल्या डिसेंबरात पाच एक्केचाळीसला तिथे मिट्ट काळोख असतो. मामा तेव्हा पासष्टीचे होते.

आणि मी फोन केला होता मंगळवारी. आदल्या संध्याकाळी पाच वाजता, जेवणाचं काही करू नका म्हणून.